नगारखान्यातील व्यापारविद्येची पारख

ज्या नादाने दिशा उमलल्या त्या नादास आधी दंडवत, आणि ऐकणाऱ्या कानास मागाहून. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी घडले वर्तमान ऐसे जे.

"साबा, मडके घ्यायचे तर टिचकी मारून घे. फुटके असेल ते बद्द बोलते, हे शेंबडे पोरही जाणते. पण सगळीच्या सगळी एका सुरात बोलली, तर मुकाट ऊठ. कोणीतरी दडून वाजवीत असते." ऐसे साबाजीपंतांची मावशी भर बाजारात बोलली होती. मावशी कधीच गेली, आवाज तेवढा राहिला, आणि त्या आवाजावर पंत वाढले, दरबारचे पारखी जाहले, आणि कोणी रामराम केला तरी मनात टिचकी मारून पाहात.

त्या राज्यात जुना ठेवा सांभाळणारी मंडळे बहुत होती, कोणाकडे तोफा, कोणाकडे पोथ्या, कोणाकडे दीपमाळा, आणि ठेवा थोर पण चूल गार ऐसा सर्वांचा संसार. म्हणोन दरबाराने मनसुबा केला कीं यांस व्यापारविद्या शिकवावी, आणि गुरू नेमून गावोगाव धाडिले. मग गडाखालच्या नगारखान्यात एक गुरुजी पातले, आणि त्यांनी भिंतीवर उजेडाची चित्रे पाडिली, रंगीत चिटोरे डकविले, आणि बोध केला कीं गिऱ्हाईक येते तेव्हा माल मांडावा. मग पिढ्यानपिढ्या तांबडे फुटताना झडणारा नगारा भरदुपारी, पाहुणे जेवून हिंडावयास निघतात तेव्हा, झडू लागला. पाहुणे दाटले, दरबार संतोषला, आणि पंतांस आज्ञा जाहली, "जाऊन विद्येचे फळ पाहा. तुम्ही बरे म्हणाल तर हाच शिरस्ता सकल नगारखान्यांस कायमचा करू. मग तो मोडणे नाही."

पंत पातले. नगारखान्याचे वहिवाटदार विसाजीराव वेशीवर सामोरे आले आणि हार घातला, आणि पंतांनी हार हुंगून पाहिला. मग पुसो लागले, "विद्या कैसी वाटली?" विसाजीराव वदले, "विद्या उत्तम, गुरू थोर, लाभ अपार." मग शिंग फुंकणारा मालोजी, त्यास पुसले. तोही म्हणाला, "विद्या उत्तम, गुरू थोर, लाभ अपार." मग तुळाई घडशीण, जिच्या हाती नगाऱ्याच्या टिपऱ्या, तिनेही तेच म्हटले, आणि गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तैसा हात नगाऱ्यावरून फिरविला. पंतांच्या कानी मावशी जागी जाहली.

मग पंत जिन्याखाली उभे राहून ऐकों लागले. वर मालोजी बोलत होता, "पारखी मांजरावाणी चालतोय गं आत्या. दूध कुठं झाकलंय ते हुंगत."

"ओरखडला नाही म्हणजे मिळवलं," तुळाई म्हणाली.

"गुरुजी मात्र थोर हो."

"थोरच."

आडपडद्यामागेही स्तुतीच निघाली, तेव्हा पंतांचा संशय दुणावला. सकाळी गावात फिरले तो कोणाच्या चुलीस धूर, कोणाचे दार अजून लावलेले. विहिरीवर एक बाई कळशी घासता पहाटेची जुनी ओवी पुटपुटत होती,

नगारा झडला, गावा आली जाग
भाकरीच्या आधी चुलीत आली आग

आणि पंतांस पाहून कळशी उचलून चालती जाहली.

विसाजीरावांनी रोज पान मांडावे, "पंत, चार घास घ्यावे," म्हणावे, आणि पंतांनी, ज्याचे मीठ खावे त्याची पारख होत नाही हे जाणून, "आम्हांस पथ्य आहे," म्हणोन नदीकाठी कोरडे चुरमुरे खावे. तेणेकरून विसाजीरावही धास्तावले, कीं जेवत नाही तो टाळे ठोकावयास आला. दोघे एकमेकांच्या सावलीवर नजर ठेवून चालत.

निघावयाचे दिवशी पंत कडाडले, "विसाजीराव, हा पाठ कोणी घोकविला? खरे सांगा, नाही तर आहे तैसेच बरे म्हणोन कळवितो, मग शिरस्ता कायम झाला तर बोल मजकडे नको."

विसाजीरावांचे डोळे भरले. तेव्हा तुळाई पुढे आली. "पाठ कुणी घोकवून घेतला नाही, पंत. गुरुजी जेवले नाहीत."

"म्हणजे?"

"आमच्यात शिकणं संपलं की गुरूला जेवू घालायचं. एकेकानं घास द्यायचा आणि एकेक उणं बोलायचं. त्याला उण्याचा घास म्हणतात. तोवर तोंडातून चांगलंच काढायचं. गुरुजींची गाडी उभी होती. त्यांनी हसऱ्या तोंडाचं चित्र पुढं केलं, आम्ही त्यावर ठिपके दिले, ते गेले. म्हटलं, त्यांच्या जागी तुम्ही आलात. तर तुम्हाला पथ्य."

मावशीने मडके वाजविण्यास शिकविले होते, त्यात पाणी पिण्यास कोणी शिकविले नव्हते. मग पंत पागोटे उतरून पंगतीस बसले आणि म्हणाले, "वाढा. मीठही वाढा."

विसाजीरावांनी घास दिला आणि बोलले, "गुरुजींच्या तोंडी अखेरपावेतो माझे नाव आले नाही. मजला ते 'संस्था' म्हणत."

मालोजी बोलला, "चिटोरे निघाले, पण भिंतीवरच्या हत्तीचा रंग घेऊन निघाले. सोंड गेली बिचाऱ्याची." सगळे हसले, पंतही हसले.

तुळाईने घास हाती घेतला आणि तैसीच बसली. भात निवाला. पंत म्हणाले, "तुळाई, द्या ना. भुकेला आहे."

येणेप्रमाणे पारख जाहली. विद्या खोटी नव्हती, गुरू दुष्ट नव्हते, आणि संशय धरणाराही उपाशी राहून चुकला. पंतांनी दरबारास आपला बोल कळविला नाही. तुळाईने घास देता जे म्हटले तेच अक्षरशः कळविले, तें ऐसे:

"पाहुणे आले, आमची चूल पेटली, हे नाकारत नाही. पहाटेचा नगारा ऐकायला कुणी येत नव्हतं, हेही खरं. पण तो ऐकायला यायचं नसतंच, पंत. तो ऐकून उठायचं असतं."