भूपालअण्णांचे मासे आणि माझं छत

आमच्या वरच्या मजल्यावरचे मासे रात्री जेवत नाहीत. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असतं. एखाद्या दिवशी उशीर झालाच, तर ते उपाशी झोपतात आणि त्यांचे मालकही त्यांच्याबरोबर उपाशी झोपतात. "आमी जैन, बाई. आमच्यात दिवस बुडाल्यावर कोण तोंड हलवत न्हाई," असं भूपालअण्णांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मासे जैन कधी झाले, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा शाळेतून दिवसभर ओरडून आले होते आणि आणखी एक प्रश्न विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

भूपालअण्णा म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांनी जन्मभर हळदीची अडत केली. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण नखांच्या कडा अजून पिवळ्या आहेत. मुलगा बेंगळुरूला असतो. वहिनी गेल्यावर त्यानं ही काचेची मोठी टाकी आणून दिली. "पोरगा म्हणला, घरात कायतरी हलतं पायजे," असं अण्णा सांगतात. माशांना नावं त्यांनी यार्डातलीच ठेवली आहेत. सगळ्यात जाडा तो अडत्या. सारखा इकडून तिकडे पळतो तो दलाल. तळातले खडे तोंडानं ढकलत बसतो तो हमाल. माशांचं विकतचं खाणं सुक्या कोळंबीचं असतं हे कुठूनतरी कळलं, तेव्हापासून तिघांना शिजवलेली मूगडाळ आणि मटार मिळतो. पाणी तर दुहेरी फडक्यातून गाळूनच भरायचं.

आता माझं. मी शाळेत गणित शिकवते. माहेर कोरेगावचं, त्यामुळे आवाज मोठा. आमचे हे शिरवळच्या एका कारखान्यात आहेत. शनिवारी रात्री येतात, रविवारी झोपतात आणि सोमवारी उजाडायच्या आत जातात. त्यामुळे नळ, गॅस, गीझर आणि छत ही सगळी खाती माझ्याकडे.

छताचं खातं उघडलं ते एका डागानं. आधी तो पुरीएवढा होता. मग भाकरीएवढा झाला. मग त्यातून थेंब पडायला लागला, आणि तोही कुठे, तर मी ज्या खुर्चीत बसून पेपर तपासते त्या खुर्चीत. खुर्ची सरकवली आणि तिथे पातेलं ठेवलं.

मी वर गेले. म्हटलं, "अण्णा, तुमची टाकी गळतीय."

"खोटं कशाला बोलू, बाई," अण्णा म्हणाले, "गळतीयच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. वाईट हळद 'वाईट' म्हणून सांगून विकणारा अडत्या, अशी यार्डात त्यांची ख्याती होती म्हणे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी जिन्यात अण्णांना विचारलं, मुलगी स्वभावाला कशी आहे हो? अण्णा म्हणाले, "खोटं कशाला बोलू, सकाळच्या पारी बरी असती." ते लग्न मोडता मोडता राहिलं. ती मुलगी अजून माहेरी आली की अण्णांच्या दाराकडे बघत नाही.

अशा माणसाशी भांडायचं कसं? भांडायला समोरच्यानं एकदा तरी 'नाही' म्हणावं लागतं. मी म्हणायचे, तुमच्यामुळे माझं छत खराब झालं. अण्णा म्हणायचे, झालंय की. मी म्हणायचे, काहीतरी करा. अण्णा म्हणायचे, कराय पायजे. आणि मग वाटीतून गुळाचा खडा पुढे करायचे.

एकदा त्यांनी खरंच केलं. अण्णांच्या वडिलांच्या काळी हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे. खोल खड्डा, वरून तोंड लिंपलेलं, वर्षानुवर्षं आत ओल शिरायची नाही. अण्णांचा हिशेब सरळ होता. "भायेरचं पानी आत जाऊ द्यायचं न्हाई, का आतलं भायेर येऊ द्यायचं न्हाई, काम एकच की!" चुना आणि गूळ घोटून त्यांनी टाकीच्या कोपऱ्याला बाहेरून गिलावा केला. गूळ अस्सल सांगलीचा. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

मुंग्या मारायच्या तर नाहीत. अण्णांनी टाकीभोवती हळदीची रेघ ओढली. मुंग्यांना हळद चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गुळाचा वास तर सुटलेला. मग त्या खिडकीतून खाली उतरल्या आणि ओलीबरोबर जे गूळपाणी माझ्या छतातून पाझरत होतं, त्याला लागल्या. माझ्या पातेल्यात आता गोड पाणी आणि मुंग्या, दोन्ही पडायला लागली. मी तरातरा वर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. अण्णा शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "लय खरं बोलताय तुमी."

त्यानंतर प्लंबर वापरतात ती लांबी लावून झाली. तीही बाहेरूनच आणि टाकीत पाणी असतानाच. आतून पाणी ढकलणार, बाहेरून लांबी टिकणार कशी? सकाळी ती फरशीवर पडलेली असायची. माझा दिनक्रमच ठरून गेला. शाळेतून यायचं, पातेलं ओतायचं, वर जायचं, कडी वाजवायची, ओरडायचं, खाली यायचं, मग चहा. ओरडल्याशिवाय चहा गोड लागेनासा झाला होता, इतकी त्याची सवय झाली.

एका संध्याकाळी मी अशीच वर गेले तर दार उघडंच होतं. टाकीखाली पाण्याचं थारोळं, त्यात वायरीचा बोर्ड पडलेला, आणि अण्णा अनवाणी त्या पाण्यात उभे राहून ओल्या हातानं हवेच्या पंपाची पिन खोचायला वाकलेले.

"हात काढा! अण्णा, हात काढा आधी!" मी अशी किंचाळले की खालचा किराणावाला रस्त्यावर येऊन वर बघायला लागला. मी दाराशेजारचा मेन स्विच खाली पाडला आणि तिथेच भिंतीला टेकले. अण्णांना काय झालं ते कळेना. त्यांनी मलाच पाणी आणून दिलं.

आमच्या ह्यांना फोन केला. ते शिफ्ट संपवून खोलीवर आले होते. एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग म्हणाले, "वीज बंदच ठेव. पाणी पुसून काढ. मासे बाहेर काढा, टाकी रिकामी करा. पाणी असताना ती उचलू नका, काच फुटून हात कापून घ्याल. आतून कोरडी करून सिलिकॉन भरायला लागेल. आणून ठेवा, रविवारी करतो." आणि मग आणखी एक सुस्कारा. त्यांचा रविवार गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा दुकानात गेलो. दुकानदारानं बाथरूमला भरतात ती नळी काढली. वर म्हणाला, "बेस्ट आहे काका, यात बुरशी मारायचं औषध आहे."

"मारायचं?" अण्णांनी हात मागे घेतला. "बुरशी बी जीवच की गड्या. न मारणारं दे."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी वर पंख्याकडे बघितलं. बराच वेळ शोधून त्यानं औषधाशिवायची, फिशटँकलाच लावतात ती नळी काढली. रात्री ह्यांनी फोनवर सांगितलं, तीच लागते, बाथरूमवाली लावली असती तर मासे मेले असते. मी हे अण्णांना सांगितलं नाही. त्यांना एवढं डोक्यावर चढवून ठेवायची गरज नव्हती.

मासे ठेवायचे कुठे? वर वीज बंद, फरशी ओली. म्हणजे माझ्याच हॉलमध्ये. अण्णा तांब्याचं घंगाळ घेऊन खाली आले. पुन्हा फोन, पुन्हा सुस्कारा: तांब्यात मासे मरतात, प्लास्टिकचा टप घे, साबण न लागलेला. मी नवा टप आणला. टाकीतलंच जुनं पाणी त्यात घातलं, पंप लावला. अडत्या, दलाल आणि हमाल माझ्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी राहायला आले.

राहिलेलं पाणी मी मोरीत ओतणार, तेवढ्यात अण्णा आडवे आले. त्यात बारीक बारीक जीव असतात, ते जिथून आले तिथेच परत सोडायचे असतात म्हणे. "नळाला पानी कुठलं येतं? कृष्णेचं. मग कृष्णेलाच द्याय पायजे." शेवटी रिक्षात कॅन घालून आम्ही घाटावर गेलो. एक कॅन माझ्या मांडीवर. रिक्षावाल्यानं विचारलं, तीर्थ आहे का? अण्णा म्हणाले, "खोटं कशाला बोलू, माशाचं पानी हाय." रिक्षावाल्यानं पुढचा सगळा रस्ता आरशातून आमच्याकडे बघण्यात घालवला.

रविवारी आमचे हे जाड हातमोजे घालून बसले. ब्लेडनं सांध्यातलं जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, स्पिरिटनं काच पुसली, कोरडी होऊ दिली आणि मग आतून नवी रेघ भरून बोटानं दाबून घेतली. खिडक्या सताड उघड्या, घरभर आंबूस वास. अण्णा शेजारी उभे राहून, "लय झ्याक, साहेब," एवढंच म्हणत होते. ह्यांनी सांगितलं, वास पूर्ण जाईपर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग नुसतं पाणी भरून, खाली वर्तमानपत्र घालून बघायचं. कागद कोरडा राहिला तरच मासे. एवढं बोलून ते जे झोपले ते निघायच्या वेळेलाच उठले.

तोवर मासे माझ्याकडे. म्हणजे अण्णाही माझ्याकडे. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा, हातात डाळीची वाटी घेऊन ते यायचे. टपाशेजारी स्टूल घ्यायचे आणि जुन्या सोबत्यांकडून कळलेल्या यार्डातल्या बातम्या माशांना सांगायचे. आज आवक किती, कुणाचा माल ओला निघाला, कोण कुणाशी भांडला. मी पेपर तपासत ऐकायचे. हळूहळू, चूक-बरोबरच्या खुणा करता करता, मीही विचारायला लागले, मग त्या ओल्या मालाचं पुढे काय झालं? एके दिवशी पिठलं जास्त झालं म्हणून त्यांना वाढलं. कांदा त्यांना चालत नाही, लसूण चालत नाही. कांद्याशिवायचं पिठलं म्हणजे काय ते सुख! पण ते ताट पुसून जेवले. उन्हं खिडकीत असतानाच हात धुऊन मोकळे.

मग वास गेला. पाणी भरलं, कागद कोरडा राहिला. मासे वर गेले. ह्यांनी पुढच्या रविवारी छताचे पोपडे काढून पांढरा हात मारला. आमचा हॉल कोरडा ठणठणीत झाला. मी शाळेतून आले, पातेलं ओतायचं नव्हतं, वर जायचं नव्हतं, थेट चहा केला आणि माझ्या खुर्चीत बसले. किती दिवसांनी! वर कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज तेवढा आला.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी कडी वाजली. दारात अण्णा.

"गळतंय का बघाय आलो."

"नाही हो अण्णा. बघा की, छान झालं."

त्यांनी छताकडे बघितलं. मग टप होता त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. "छानच झालं," म्हणाले. जायला वळले, आणि पायरीवर थांबले.

"खोटं कशाला बोलू, बाई. गळत हुतं तवा तुमी रोज वर यायच्या. वरडायच्या, पर यायच्या. कडी वाजली की मी म्हणायचो, आल्या. आता मासं हायत, पानी हाय, समदं हाय. कडी तेवढी वाजत न्हाई."

आणि कठड्याला धरून वर निघून गेले. मी चहाचा कप घेऊन बसले आणि तो तसाच गार झाला. मला गलबलून आलं होतं. एवढा मोठा माणूस माझ्या ओरडण्याची वाट बघत होता, आणि मला वाटायचं आमचं भांडण चाललंय.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, पर्स टेबलावर टाकली आणि तशीच वर गेले. दणादणा कडी वाजवली.

"अण्णा! आवं काय चाललंय काय हे! परत गळतंय!"

दार लगेच उघडलं. अण्णांच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. त्यांनी वळून टाकीकडे बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली होती, खालचा कागद कोरडा होता, आणि अडत्या काचेला तोंड लावून आमच्याकडे बघत होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"खाली चला आणि बघा," मी आवाज चढवून म्हटलं. "दिवस मावळायच्या आत चला."

ते माझ्या मागोमाग खाली आले. हॉलच्या मधोमध उभे राहिले, मान वर केली, कपाळावर हात धरला. छत पांढरंस्वच्छ होतं. जन्मात कधी वाईट हळद चांगली म्हणून न विकलेला तो माणूस बराच वेळ वर बघत राहिला.

"व्हय की, बाई," अण्णा म्हणाले. "लय गळतंय. उद्या परत येऊन बघाय लागंल."

मी त्यांना स्टूल दिलं आणि आत जाऊन बिनकांद्याचं पिठलं टाकलं.