डोळ्यांत तूप घालून

चष्मेवाल्याचे डोळे कोरडे पडले होते, आणि ही गोष्ट बायकोखेरीज कोणाला कळली तर आपलं दुकान बसलंच, अशी त्याने धास्ती घेतली होती. धास्ती अगदीच फुकाची नव्हती. त्याच्याकडे निळसर काचांचा एक चष्मा मिळे. तो लावला की डोळे कोरडे पडत नाहीत, असं तो गेली तीन वर्षं दिवसातून वीसदा गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आला होता. तोच चष्मा आता त्याच्या स्वतःच्या नाकावर होता, आणि चष्म्यामागे डोळ्यांत कोणी वाळू भरावी तसं खुपत होतं.

दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि पेशंटला म्हणत, "खाली जा." या दोन शब्दांवर चष्मेवाल्याचं घर चालत होतं. त्यामुळे वर जाऊन डोळे दाखवायचीही सोय नव्हती. तुमच्या काचा तुम्हालाच लागू पडेनात का, असं डॉक्टरांनी विचारलं तर तोंड कुठे लपवायचं?

शेवटी बायकोनेच वैद्यबाईंकडे वेळ ठरवली. मंगळवार, दुपारी चार.

"डोळ्यांभोवती पिठाची पाळ करतात आणि आत कोमट औषधी तूप ओततात," ती म्हणाली. "गप पडून राहायचं, बस्स. तेवढं तरी जमेल ना तुम्हाला?"

नेमका मंगळवारी सकाळीच जिन्यावर आवाज चढला. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई चिठ्ठी घेऊन खाली उतरत होत्या आणि डॉक्टर त्यांच्या मागोमाग येत होते.

"मी एवढंच विचारलं, की वैद्यबाईंकडे डोळ्यांत तूप घालून घेऊ का," बाई म्हणाल्या.

"डोळे आहेत ते बाई, दाराच्या बिजागऱ्या नव्हेत वंगण घालायला!" डॉक्टर कडाडले. "माझा माणूस तिथे गेलेला मला कळला, की माझा त्याचा संबंध संपला. मग तो पेशंट असो, नाहीतर आणखी कोणी. अहो चष्मेवाले, तुम्ही तरी सांगा यांना."

"शुद्ध अडाणीपणा आहे बाई," असं म्हणून चष्मेवाला आधीच स्वच्छ असलेली एक काच पुसू लागला. गृहपाठ न केलेल्या मुलांकडे बघावं तसं बाईंनी दोघांकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

चारला पाच मिनिटं असताना तो टोपी भुवयांपर्यंत ओढून, मागच्या गल्लीने वैद्यबाईंच्या घरी पोहोचला. आतल्या खोलीत तीन खाटा होत्या आणि मध्ये पडदे. पलीकडच्या भिंतीजवळ कोणीतरी गळ्यापर्यंत चादर ओढून, डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी ठेवून पडलं होतं. त्या पेशंटला आपण दिसणार नाही, या विचाराने त्याला जरा हायसं वाटलं. खिडकीत एक जाडजूड बोका बसला होता आणि त्याच्याकडे टक लावून बघत होता. पण बोक्याचं काय एवढं!

"रात्री पंख्याखाली झोपता? आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर?" पाळ लावता लावता वैद्यबाईंनी विचारलं.

"हो."

"मग डोळे कोरडे पडतील नाहीतर काय! पापणी मिटायचीच विसरता तुम्ही लोक. आता हलायचं नाही, उठायचं नाही. मी सांगितलं की हळूहळू उघडझाप करायची."

कोमट तूप पापण्यांवर उतरलं आणि, खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी डोळ्यांतली वाळू शांत झाली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आत आणखी कोण आहे?"

आवाज डॉक्टरांचा होता.

"आहेत पेशंट," वैद्यबाई म्हणाल्या.

"कोण पेशंट? नाव काय?"

"नावं आम्ही सांगत नसतो."

सकाळची धमकी खरी करायला डॉक्टर जातीने आले होते! पळावं, तर दार कुठे ते दिसेना. पावलं शेजारच्या पडद्यामागे आली. खाट करकरली. मग बराच वेळ कुजबुज चालली. आपलीच चौकशी, दुसरं काय? आपण कधी उठतो याची वाट बघत हा माणूस खाटेवर ठाण मांडून बसणार, आणि उद्यापासून तो पेशंटना म्हणणार, "समोरच्या दुकानात जा."

"हं, करा उघडझाप. बरं वाटतंय ना?" वैद्यबाईंनी पडद्यातून डोकावून विचारलं.

"हो," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला की त्याची त्यालाच शंका आली.

"घसा बसला की काय? मघाशी तर खणखणीत बोलत होता!"

त्याने नुसताच हात हलवला. वैद्यबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि खिडकीतून काहीतरी धप्पकन खाली पडलं.

पुढच्याच क्षणी त्याच्या छातीवर चार पाय उभे राहिले. मिशा गालाला लागल्या. मग एक खरखरीत जीभ पिठाच्या पाळीवरून फिरली.

ओरडावं, तर डॉक्टर आवाज ओळखणार. न ओरडावं, तर पाळीनंतर आत डोळाच होता. पण घरात दोन मुलं होती, बायको होती. त्याने दात आवळले आणि तो बोक्याला मनातल्या मनात हात जोडू लागला. बोक्याला बहुधा शेजारच्या ताज्या पाळीचा वास आला असावा. तो छातीवरून उतरला आणि पडद्याखालून शेजारी गेला.

"मेलो! डोळा खाल्ला माझा! अहो वैद्यबाई, मांजर!"

चष्मेवाला ताडकन उठून बसला. तूप गालांवरून सदऱ्यात उतरलं. पडदा कोणाच्या तरी धडपडीत खाली आला. शेजारच्या खाटेवर एक धूसर, चकचकीत चेहरा होता आणि त्याच्या एका डोळ्याभोवती पिठाची पाळ लोंबत होती.

"डॉक्टरसाहेब?" तो खणखणीत आवाजात म्हणून गेला.

"चष्मेवाले?" डॉक्टरांचा आवाज थरथरत होता. "माझे पेशंट... हे कळलं तर दवाखाना बंद करावा लागेल हो मला. माझेच थेंब मला लागू पडेनात. काय करू?"

"माझ्या काचा मला कुठे लागू पडताहेत!" चष्मेवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला डॉक्टरांची दया आली. "घाबरू नका. डोळ्यांत तूप आहे माझ्या. मला काहीही दिसलेलं नाही."

"मलाही नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. दोघांनी एकदमच सुटकेचा निःश्वास टाकला.

"मलाही काही दिसलेलं नाही," पलीकडच्या भिंतीजवळून आवाज आला. चादर सरकली. डोळ्यांवरची घडी तशीच ठेवून मुख्याध्यापिकाबाई सावकाश उठून बसल्या. "कान मात्र माझे अजून शाबूत आहेत. बिजागऱ्यांचं काय म्हणत होता डॉक्टर? आणि अडाणीपणा कोणाचा म्हणालात चष्मेवाले?"

बोका तेवढा निवांतपणे पाळीचं पीठ चाटत होता.

"पाळी विस्कटल्या ना? आता वैद्यबाई येईपर्यंत दोघांनी गप पडून राहायचं," बाई म्हणाल्या. "डोळे मिटा."

"हो बाई," दोघेही एका सुरात म्हणाले आणि मुकाट्याने आडवे झाले.