देतील ते घ्यायचं

सूनबाई बाजारातून मासे न निवडता घेतात, ही बातमी शेजारणीनं आणली आणि सासूबाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"वास मारणारा मासा निमूट पिशवीत टाकलास म्हणे! घासाघीससुद्धा नाही! अगं, लोक काय म्हणतील मला?"

"आई, तो खायला नव्हता. प्रयोगशाळेसाठी होता."

दुकानांतल्या मांस-मासळीवर औषधांना दाद न देणारे जंतू किती, हे शोधणं हे सुनेचं काम. साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, ओळख द्यायची नाही आणि दुकानदार देईल ते मुकाट घ्यायचं, असा नियम. वर्षभर तिनं तो इमानेइतबारे पाळला होता. आता अहवाल मंजूर झाला की नोकरी कायम होणार होती.

सासूबाईंचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्या बरोबर गेल्या. सून दिसताच मासळीवालीचा चेहरा खुलला.

"आल्या का ताई! तुमचं बाजूलाच काढून ठेवलंय बघा."

तिनं फळीखालून एक मरगळलेला मासा काढला. शेजारच्या कोंबडीवाल्यानंही तितक्याच आपुलकीनं मागच्या कोपऱ्यातलं पुडकं पुढे केलं. सुनेला आता उलगडा झाला. वर्षभर अख्खा बाजार न खपणारा माल तिच्यासाठी राखून ठेवत होता.

तिनं साहेबांना खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे वर्षभर आपण बाजाराचा उकिरडा तपासला?"

"बहुतेक, सर."

"एखादं चोखंदळ गिऱ्हाईक गाठा. त्याच दुकानांतून पुन्हा नमुने घ्या. फरक निघाला तर तुमचा अहवाल रद्दीत."

अहवालाबरोबर आपणही जाणार, हे सुनेला वेगळं सांगावं लागलं नाही. चोखंदळ गिऱ्हाईक मात्र शोधावं लागलं नाही. ते घरात सोफ्यावर बसलं होतं.

सासूबाई पदर खोचून निघाल्या. त्यांनी कल्ले उचलून पाहिले, पोटं दाबली, वास घेतले, आणि चार मासे नाकारून पाचवा घेतला. कोंबडीवाल्याला त्यांनी डोळ्यांदेखत ताजी कोंबडी कापायला लावली. तोवर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अशी सगळी दुकानं पालथी घालून नमुन्यांच्या बर्फाच्या डब्याचं झाकण त्यांनी स्वतः लावलं.

"यात जंतू सापडला ना, तर नाव बदलीन!"

जंतू सापडले. तेच, तितकेच, आणि त्याच औषधांना न जुमानणारे. वर्षभराचे आकडे जसेच्या तसे टिकले. साहेबांनी सही केली, सुनेचं अभिनंदनही केलं. ती तरंगतच निघाली, पण घराच्या जिन्यात थबकली. आता हे आईंना कोण सांगणार?

शेवटी तिनंच सांगितलं.

"कसं शक्य आहे? कल्ले लालभडक होते!"

"जंतू कल्ले बघून येत नाहीत, आई. ते दिसत नाहीत, त्यांचा वासही येत नाही."

सासूबाई सोफ्यावर टेकल्या.

"शिजवल्यावर मरतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"मरतात ना. नीट शिजवलं की सगळे मरतात."

"मग मी कधी कच्चं वाढलंय का तुम्हाला?"

असं ठसक्यात म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आत नळ सुरू झाला, तो थांबेचना. सुनेनं डोकावून पाहिलं. सासूबाई मासे चिरायची फळी साबणानं घासत होत्या.