वाजणाऱ्यांचा ढीग

केतकीच्या पियानोसाठी माईक घ्यायचं ठरलं, तेव्हा गोपाळरावांनी रीतसर तीन कोटेशनं मागवली. पंचायत समितीत सव्वीस वर्षं खरेदीचं टेबल सांभाळलेला माणूस. घरात साधी छत्री आणायची तरी तुलनात्मक तक्ता मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. या काटकसरीबद्दल त्यांना एक सन्मानपत्रही मिळालं होतं. ते काचेच्या फ्रेममध्ये घालून माजघरात पियानोच्या वरच लावलेलं होतं.

पियानो आणला होता त्यांच्या धाकट्या भावाने, विश्वजीतने. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा हा गडी. हळदीच्या ट्रकबरोबर हैदराबादला गेला आणि येताना एका बंद पडलेल्या क्लबातला मोडका पियानो घेऊन गावी, आखाडा बाळापुरात उतरला. दोन वर्षं त्याच्याशी झटला. तारा बदलल्या, आतल्या हातोड्यांना घोंगडीचे तुकडे कापून चिकटवले, आणि एक दिवस ते धूड चक्क सुरात बोलायला लागलं. गोपाळरावांची पोरगी केतकी त्यावरच शिकली. भावाच्या या करामतीचा गोपाळरावांना केवढा अभिमान होता, पण थोरल्याने धाकट्याचं तोंडावर कौतुक करावं असं काही त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं.

आता पुण्याच्या एका संगीतशाळेने प्रवेशासाठी दहा मिनिटांचं वादन मागवलं होतं. खऱ्या पियानोवरचं, स्वच्छ, आणि शनिवारी पाचच्या आत. केतकीने दुसरीकडे कुठेही अर्ज केलेला नव्हता.

विश्वजीतला हवा होता दोन माईक असलेला, मुठीत मावणारा रेकॉर्डर. सोमेश्वर मंडपवाला कीर्तनाचा माईक भाड्याने द्यायला तयार होता. पण सर्वांत स्वस्त होता शर्टाला लावायचा चिमट्याचा माईक, म्हणून तोच मंजूर झाला. रेकॉर्डिंग केलं, तर डावीकडचा एक खर्जातला सूर आला की मागे 'झिर्रर्र' असं काहीतरी ऐकू येई. सोमेश्वरच्या माईकवरही तेच. शेवटी शनिवारी सकाळी गोपाळरावांनी हिंगोलीला जाऊन मुकाट्याने तो मुठीतला रेकॉर्डर आणला. यंत्र चांगलं असल्याने झिरझिरही आता चांगली ऐकू आली.

"दादा, माईकचा काही कसूर न्हाई," विश्वजीत म्हणाला. "घरातलंच काहीतरी संगं वाजून राहिलं."

त्याने मांडणीवरच्या एका थाळीला कान लावला आणि केतकीला तो सूर दाबायला सांगितलं. थाळी गुणगुणली. मग हंडा, कळशी, परात, डबे. जे वाजेल ते अंगणात डाव्या हाताला आणि जे वाजणार नाही ते उजव्या हाताला, असा विश्वजीतने शिस्तीत हिशेब लावला. दुपारपर्यंत माजघर रिकामं झालं आणि झिरझिर होती तिथेच राहिली. शिवाय रिकाम्या खोलीत प्रत्येक सूर घुमायला लागला, ते वेगळंच.

समोरच्या शकुबाई हे सगळं दारातून बघत होत्या. दोघे भाऊ घरातली भांडी बाहेर काढताहेत, दोन ढीग लावताहेत आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. दोघे कान देऊन ऐकत होते, म्हणून बोलत नव्हते, हे त्यांना कुठून कळणार? त्यांनी सेनगावला या दोघांच्या थोरल्या बहिणीला, नर्मदाबाईंना, फोन लावला.

चार वाजता दारात जीप थांबली. नर्मदाबाई उतरल्या आणि त्यांच्यामागे समजूत घालण्यासाठी आणलेले सात नातेवाईक उतरले. बाईंनी आधी दोन्ही ढीग नीट पाहून घेतले.

"वाटणी करून राहिलेत, अन् मला पत्ता न्हाई?" त्या म्हणाल्या. "अन् हंडा, कळशी सगळं एकीकडं काहून? दुसऱ्याच्या वाट्याला काय, पोळपाट अन् मुसळ?"

"अक्का, वाटणी न्हाई. ते पियानोच्या आवाजासाठी काढलं," गोपाळराव म्हणाले. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं.

नर्मदाबाई तरातरा माजघरात गेल्या. रिकामी मांडणी पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भिंतीवरचं सन्मानपत्र उतरवलं. घर मोडायला निघालेल्याने हे मिरवू नये, असं म्हणत फ्रेम पोटाशी धरून त्या तिथेच खाली बसल्या. घड्याळात सव्वाचार झाले होते.

केतकी त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "आत्या, दहा मिनिटं कोणी बोलू नका. मंग खुशाल भांडा."

हे काय चाललंय ते बघायला सगळे आत आले. सात पाहुणे, शकुबाई, शिवाय अर्धी गल्ली. माणसाला माणूस लागून बसलं. विश्वजीतने एकदा टाळी वाजवली आणि तो चमकला. लुगडी, धोतरं, उपरणी यांनी खोली भरली होती, सूर घुमायला आता जागाच नव्हती. त्याने रेकॉर्डर सुरू केला आणि पोरीकडे पाहून मान हलवली.

केतकीने भूप वाजवला. गोपाळराव तिच्याकडे बघत नव्हतेच, ते भावाकडे बघत होते. प्रत्येक सुराबरोबर विश्वजीतचं बोट मांडीवर हलत होतं. त्यातली एकेक तार त्याच्या हातची होती. घोंगडीच्या तुकड्यांतून असा सूर काढणारा माणूस आपल्या घरात जन्मला आणि आपण त्याच्यासाठी कोटेशनं मागवत बसलो, असं गोपाळरावांना वाटलं. खर्जातला तो सूर आला आणि स्वच्छ निघून गेला. झिर्रर्र नाही, काही नाही.

पाचला बारा मिनिटं असताना वादन पुण्याला पोचलं.

"हे धूड तू दुरुस्त केलंस?" नर्मदाबाईंनी विश्वजीतला विचारलं.

"त्यानंच केलं, अक्का," गोपाळराव म्हणाले. "एकट्यानं. आपल्या घराण्यात असा कारागीर झाला न्हाई." विश्वजीत खाली बघत रेकॉर्डर पुसत बसला.

वाटणीचा विषय तिथेच मिटला. नर्मदाबाईंनी डोळे पुसले आणि फ्रेम आपल्या हाताने पुन्हा खिळ्याला लावली. केतकीने आनंदाच्या भरात तो खर्जातला सूर जोराने दाबला.

झिर्रर्र.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. फ्रेमची काच थरथरत होती. ही फ्रेमसुद्धा तीन कोटेशनांतून निवडली होती, हे फक्त गोपाळरावांना ठाऊक होतं. ते उठले, सन्मानपत्र काढलं आणि अंगणाकडे निघाले.

"ते कोणत्या ढिगात ठेवून राहिला?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"वाजणाऱ्यांच्या," गोपाळराव म्हणाले.