दिगूकाकांचं सीलबंद इंजिन

दिगूकाकांच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर केळ्यांचा एक प्लॅस्टिकचा कॅरेट कायम बांधलेला असे. त्यात केळी असतच असं नाही, बहुतेक वेळा तो रिकामाच असे. पण काका दवाखान्यात चालले असोत की कुणाच्या तेराव्याला, कॅरेट काही सुटत नसे. रस्त्यात कुणी हात दाखवलाच, तर काका गाडी हळू करत, मान जराशी वळवून कॅरेटकडे बघत आणि नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून पुढे निघून जात.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वसईजवळ निर्मळला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने खिडकीतून हिरवळ दिसेल असं सांगितलं होतं. ती हिरवळ म्हणजे दिगंबर चौधरींची वाडी. केळी, नारळ आणि कुंपणाच्या कडेने सोनचाफ्याची झाडं. हिरवळीबरोबर दिगूकाकाही दिसत, ते बिल्डरने सांगितलं नव्हतं. एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी काढलेला, उंच, किडकिडीत माणूस. बोलायची वेळ आलीच तर काका समोरच्याच्या चपलांकडे बघून बोलत. मी नवीन चपला घेतल्या की सगळ्यात आधी त्यांना कळत असे.

सुलभाकाकू मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून बंगळूरला गेल्या, तीन महिन्यांसाठी. तो नातू आता शाळेत जायला लागला. मी एकदा विचारलं, "काका, काकू कधी येणार?" काका माझ्या चपलांना म्हणाले, "येईल." त्या कॅरेटचं मूळ याच प्रश्नात होतं, हे मला फार उशिरा समजलं. मागे बसणारा प्रत्येक जण पहिल्या दोन मिनिटांत काकूंची चौकशी करतो आणि चालत्या गाडीवरून माणसाला कुठे पळता येत नाही.

गाडी त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. काकूंना नीट बसता यावं म्हणून मुद्दाम लांब सीटची. ती तेल खायला लागली. रोज सकाळी काका जुन्या धोतराच्या फडक्याने तेल मोजायची पट्टी पुसायचे, आत घालायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे आणि घरातल्या आजारी माणसाचा ताप बघितल्यासारखे गंभीर व्हायचे. सर्व्हिस सेंटरमध्ये मनोज नावाचा, जवळच्याच जूचंद्र गावचा तरुण आहे. त्याने त्यांना समजावलं, "काका, थोडं ऑइल खातेच गाडी. नॉर्मल आहे."

"खाते म्हणू नका," काका म्हणाले. "खाल्लेलं अंगी लागतं."

मग ते दर आठवड्याला जायला लागले. भांडत नसत, आवाज चढवत नसत. तिथल्या सोफ्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांकडे बघत. शेवटी मनोजच कंटाळला. त्याने तेल खुणेपर्यंत भरलं, झाकणाला आणि खालच्या बोल्टला सील लावलं आणि सांगितलं, "हजार किलोमीटर चालवून आणा. मध्ये उघडायचं नाही, वरून घालायचं नाही. तेल फारच कमी झालं असेल तर कंपनी इंजिन उघडून पिस्टन-रिंगा फुकट बदलून देईल. पण पाच वर्षांची वॉरंटी संपायच्या आत या, एक दिवस उशीर झाला तरी वर ऐकत नाहीत."

इथे खरी अडचण उभी राहिली. काकांची धाव वाडीपासून बाजारापर्यंत. त्या वेगाने हजार किलोमीटर व्हायला पुढची दिवाळी उजाडली असती. आणि उगाच पेट्रोल जाळत फिरणं त्यांच्या स्वभावात बसेना. एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. काका उभे होते. खाली गाडी होती आणि तिच्यावर कॅरेट नव्हता.

"तुम्हाला कुठे जायचंय का?" त्यांनी माझ्या चपलांना विचारलं.

"नाही हो, काका."

"बघा. कुठेतरी असेल."

मी त्या दिवशी विनाकारण पोस्टात जाऊन आले. निर्मळ गावात जो तो असाच कुठे कुठे जाऊन आला. काका कुणाला बँकेत सोडत, कुणाला दातांच्या डॉक्टरकडे. कोळीण बाजारातून परत निघाली की तिची रिकामी पाटी मांडीवर घेऊन मागे बसे. "भाऊ, पानी गळंल हां पाटीतलं गादीवर," ती बजावायची आणि काका म्हणायचे, "गळू दे." कुणी आभार मानायला लागलं की त्यांचं उत्तर तयार असे : "आभार मानू नका. इंजिनासाठी चाललोय." ते इतकं मनापासून म्हणत, की एकदोघांना त्याचा रागसुद्धा आला.

माझं ऑफिस वसईला. पहिल्यांदा त्यांच्यामागे बसून गेले तेव्हा गावाच्या कडेचं तळं मागे पडेपर्यंत काका गप्प होते. मग बोलायला लागले. मला आधी वाटलं, ते फोनवर बोलताहेत. ते माझ्याशीच बोलत होते. चाफ्याची कलमं, वडिलांचा तापट स्वभाव, स्टोअरमध्ये हरवलेला आणि त्यांच्यावर आळ आणणारा एक पाना, असं काय काय. मध्येच "खड्डा आहे, धरा" असं सांगत आणि तुटलेलं वाक्य पुन्हा बरोबर जोडून घेत. माणूस इतकं सुंदर बोलत होता की ऑफिस आलं याचं मला वाईट वाटलं. गाडी थांबली, त्यांनी हेल्मेट काढलं आणि पुन्हा माझ्या चपला बघायला लागले.

मला वाटलं, हा मान फक्त माझा. पण गिरीजच्या चर्चला काका दर रविवारी ज्यांना नेत, त्या रेजिनामावशी मला हसल्या. "अगो बाय, तो माझ्याशी पण बोलतो. सगळ्यांशी बोलतो. फादर कबुलीला जाळीमागे बसतात ना, तोंड दिसत नाही म्हणून माणूस बोलतो. तसाच हा. मागच्याला याचं तोंड दिसत नाही."

त्या दिवसापासून काकांच्या मागे बसताना मी मोबाइल बॅगेत ठेवायला लागले.

मग एकदा माझी स्कूटर सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मनोजने विचारलं, "मॅडम, चौधरीकाका तुमच्याकडचेच ना? आले नाहीत परत. शनिवारी वॉरंटी संपते त्यांची. आणि तेल असंच जात राहिलं तर इंजिन जाम होईल, मग खिशातून सगळा खर्च."

शनिवारी पाचच्या सुमाराला मी वाडीत गेले. काका गाडी पुसत होते. मी मीटर बघितला. सील लावल्यापासूनचे हजार केव्हाच मागे पडले होते, त्यावर आणखी निम्मे झाले असतील.

"काका, हे काय?"

"जाऊ."

"कधी जाऊ? आज शेवटचा दिवस आहे. सहाला बंद होतं ते."

काका बराच वेळ चाक पुसत राहिले. "इंजिन उघडलं की गाडी पंधरा-वीस दिवस तिकडेच राहते," ते म्हणाले.

"राहू दे की."

काका दुसऱ्या चाकाकडे वळले. माझं डोकं फिरलं. एवढा सोफ्यावर बसून बसून मिळवलेला हक्क हा माणूस हातचा घालवत होता. मी खुंटीवरचं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः घातलं आणि म्हटलं, "चला. मी येते बरोबर."

आम्ही निघालो. मागे निळसर धूर सुटत होता आणि जळक्या तेलाचा वास येत होता. तळं गेलं तरी काका गप्पच होते. फाट्यावर मात्र बोलले.

"सुलभा आता यायची नाही."

मी सीटवर थोडी पुढे सरकले.

"भांडण नाही काही. तिला तिकडे बरं वाटतं. नातू आहे, माणसं आहेत. तुम्हीच इकडे या म्हणाली. पण मला तिथे काय करायचं... खड्डा आहे, धरा. इथे होती तेव्हा रोज म्हणायची, बाजारात जाऊन येऊ. काही घ्यायचं नसलं तरी. घरात मला समोरासमोर बोलता यायचं नाही, गाडीवर यायचं. ते तिला ठाऊक होतं. आता मुलगी व्हिडिओ कॉल लावून देते. त्यात तोंड दिसतं. सुलभा तिकडून बघते, मी इकडून बघतो. काय बोलणार?"

मला रडू आवरेना. हेल्मेटची काच खाली होती हे बरं झालं. त्यांना दिसणार नव्हतंच, पण रस्त्यातल्या लोकांना तरी दिसलं नाही.

सर्व्हिस सेंटरचा बोर्ड लांबून दिसला. काकांनी डावा इंडिकेटर लावला, गाडी हळू केली. शटर अर्धं खाली आलं होतं. दारात मनोज उभा होता, आम्हाला बघून त्याने हात वर केला. काका त्या वेळी सांगत होते की काकूंच्या साड्या कपाटात तशाच आहेत. त्या पाठवून द्यायच्या की राहू द्यायच्या, हे तिला विचारायचंय. पाठवू का विचारलं तर तिला वाटेल हा आपलं घर रिकामं करतोय. नाही विचारलं तर वाटेल, याला आठवणही नाही.

वळण आलं. वळायची आठवण म्हणून मला त्यांच्या खांद्यावर फक्त एक थाप मारायची होती. मीच त्यांना ओढून आणलं होतं. पण माझा हात मांडीवरून उठला नाही. मनोज मागे पडला.

"तुम्ही सांगा, कसं विचारू?" काका म्हणाले.

डावा इंडिकेटर लुकलुकत होता आणि आम्ही सरळ चाललो होतो.