कानोशाच्या दुसऱ्या स्वारीची हकीकत

वाचणारांस उदंड आयुष्य व त्यांच्या मोबाईलांस भरपूर बॅटरी लाभो. ताईसाहेबांनी सेवकास आज्ञा केली की, आमचे धाकटे बंधू ढब्बूराव यांणी जो पराक्रम केला तो जैसा जाहला तैसा लिहोन काढणे, पदरचे काही घालू नये. त्याजवरून लेखणी सरसाविली. सेवक म्हणजे ढब्बूरावांचा मेहुणा. जेवावयास नित्य हजर, सबब बहुतेक प्रसंग समक्ष पाहिले, आणि जे पाहिले नाहीत ते अधिक खात्रीने लिहिले आहेत.

राजमान्य राजश्री ढब्बूराव, आज्ञावलीधुरंधर, कळफलकबहाद्दर, हे एका कचेरीत संगणकाचे प्रोग्राम लिहीत. घरी ज्येष्ठ भगिनी ताईसाहेब. त्यांची दृष्टी तरुणपणीच गेली, परंतु बुद्धिबळात दहशत ऐसी की समोरचा प्यादे हलवावयास बिचके. अवघा पट डोकियात मांडोन खेळत, आणि एका थोर समाजमाध्यमावर मुलूखोमुलूखीच्या खेळाडूंस खेळी लिहोन धाडीत. परंतु त्या माध्यमाचे खासगत ॲप ताईसाहेबांस वाचोन दाखवू लागले की, ‘बटण, बटण, चित्र, बटण’ यापलीकडे त्याची मजल जात नसे. मग रावांनी ‘कानोसा’ नामे ॲप रचिले. माध्यमाने बाहेरील प्रोग्रामवाल्यांस आत येजा करावयास एक वाट ठेविली होती, तीस एपीआय म्हणत. त्या वाटेने कानोसा आत जाई आणि खेळी उचली आणि ताईसाहेबांच्या कानी स्वच्छ घाली. ताईसाहेबांसारखी आणिकही पुष्कळ मंडळी कानोशाच्या आसऱ्यास आली.

ऐसे सुखाने चालले असता माध्यमाच्या धन्याचे मनात काय आले न कळे, एके दिवशी वाट बंद जाहली. इशारा नाही, निरोप नाही. कानोसा मुका पडला. ते समयी ताईसाहेबांचा डाव उंटवाल्या काकांशी ऐन भरात होता. हे गृहस्थ जहाजावरील निवृत्त आचारी, दूर बंदरी राहणारे, तेही दृष्टिहीन, पटावरील उंटांवर भारी जीव, म्हणोन हे नाव. त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता, खरे नावही नव्हते. राव संतापोन लाल जाहले आणि शपथ वाहिली की, या दगाबाजांचे उंबरठ्यास पुनश्च पाय लावणे नाही. शपथेचे समयी पायांत मोजा एकच होता, परंतु आवेश दोन्ही पायांचा होता.

मग बहुत काळ लोटला आणि माध्यमाने दवंडी पिटविली की, एपीआय नव्याने खुली केली असे, कारभार नवा आहे, मागील झाले गेले विसरोन प्रोग्रामवाल्या मंडळींनी माघारे यावे, तुमचा विश्वास आम्हांस अमोल. वरती हसऱ्या माणसांचे चित्र. राव चहा घेत होते, तो नाकात गेला.

तातडीने स्वयंपाकघरात मसलत भरली. रावांच्या कबिल्याच्या बाईसाहेब, म्हणजे सेवकाची बहीण, पेशाने दातांच्या डॉक्टर, मटार सोलीत होत्या. रावांनी उभे राहोन दीर्घ भाषण केले. त्यात इमान आले, दगा आला, स्वाभिमान दोन वेळा आला. भाषण सरल्यावर ताईसाहेब बोलिल्या:

“झालं तुझं?”

“ताई, त्यांनी न सांगता दार लावलं. आता भरवसा कसा ठेवायचा?”

“नको ठेवूस. पण मला कोणी सांगितलं होतं?”

“काय?”

“दार लागलं ते. मी सकाळभर कानोसा उघडत होते, बंद करत होते. वाटलं, आपलाच फोन बिघडला. तू खोलीत बसून त्यांना शिव्या लिहीत होतास. मला जेवताना कळलं, तेही तू ओरडलास म्हणून. तुझा त्यांच्यावर भरवसा होता, तो मोडला, मान्य. माझा तुझ्यावर होता रे, ढब्या.”

ऐसा वार आला की ढाल कामी आली नाही, चिलखतही नाही. रावांचे मुख उघडे ते उघडेच राहिले. त्याजवर बाईसाहेबांचा हुकूम जाहला, “तोंड मिटा आता. सुट्टीच्या दिवशी मला दाढा बघायच्या नाहीत.” मग रावांनी मुख मिटले आणि मुकाट्याने मटार सोलावयास घेतला आणि टरफले पातेल्यात व दाणे केराच्या डब्यात टाकू लागले, त्यावरोन अंतःकरण हलले हे सर्वांस उमगले.

मग स्वारी निघाली. जेवणाच्या मेजावर संगणकाचा तळ पडला. पहिला मोर्चा अर्जाचा. कानोशास प्रवेश कशासाठी पाहिजे ते लिहा, ऐसे माध्यमाने पुसले. रावांनी मागील दग्याचा पाढा वाचोन खरमरीत मजकूर धाडिला. तो चहा निवण्याआधी नामंजूर होवोन आला. मग नरमाईचा मजकूर धाडिला, तो तुम्ही मनुष्य आहां की यंत्र, ऐसी शंका घेवोन चित्रांतील सिग्नल ओळखावयास फर्माविले. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरावा की न धरावा, या तात्त्विक प्रश्नी राव अडले आणि वारंवार यंत्र ठरले. ताईसाहेब हसोन हसोन भिंतीस टेकल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, “सरक. मी सांगते ते लिही. ‘मला दिसत नाही. तुमचं ॲप मला नुसती बटणं ऐकवतं. माझा एक डाव अर्धा राहिलाय, तो पुरा करायचाय.’ बास.”

“एवढंच? यात काही वजनच नाही, ताई.”

“वजन तुझ्या भाषणात होतं. गेलं का पुढे?”

अर्ज रवाना जाहला. या खेपेस माध्यमाच्या कचेरीतून कोणी जिवंत माणसाने जबाब धाडिला की, बटणांची तक्रार मी आत राहोन पुष्कळ वेळा केली, कोणी कान दिला नाही. तुम्हांस किल्ली देतो. परंतु उद्या वरच्यांची मर्जी फिरली तर मला आधी कळेल ऐसे नाही, सबब मी शब्द देत नाही. राव हा जबाब पुनःपुन्हा वाचीत बसले. दवंडीतील गोड बोलाने जे साधले नव्हते ते शब्द देण्याच्या या कोरड्या नकाराने साधले. रावांचा राग उतरला.

किल्ली हाती येवोनही दरवाजा उघडेना. ‘प्रवेश नाही’ हेच उत्तर येई. हे शत्रूचे कपट, ऐसे रावांनी जाहीर केले आणि माध्यमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. किल्ली म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ; शोध करिता तिच्या शेपटास एक रिकामी जागा स्वहस्ते चिकटविलेली निघाली. हे कलम बखरीत घेऊ नये, ऐसे रावांचे म्हणणे पडले. घेतले आहे.

दरवाजा उघडण्याआधी रावांनी एक बंदोबस्त केला, तो खरा पराक्रम. वाट पुन्हा बंद जाहलीच तर कानोशाने मुके पडू नये, रावांचे आवाजात बोलावे: “दार बंद झालंय. तुमचा फोन ठीक आहे. तुमचे डाव तुमच्या फोनमध्येच आहेत.” राव हे बोलू लागले की बाईसाहेबांस हसू फुटे, सबब ध्वनिमुद्रण फार वेळा करावे लागले. आणि जुन्या सर्व मंडळींस रावांनी माफीचा निरोप धाडिला.

मग कानोसा बोलता जाहला. उंटवाल्या काकांची खेळी कधीची येवोन पडली होती. तिच्यामागे निरोपांची रांग: “ताई, आहात ना?” “तब्येत बरी आहे ना?” “मी पट मोडलेला नाही.” ताईसाहेब हाताने मेजाची कड चाचपीत राहिल्या. मग आपली खेळी सांगितली. त्याजवर काकांनी उंट ऐसा तिरका घातला की ताईसाहेबांचा राजा जागीच कोंडला. डाव गेला. ताईसाहेब म्हणाल्या, “काय चोर माणूस आहे!” आणि हे बोलताना मुखावर जे तेज होते ते जिंकल्याचे होते.

येणेप्रमाणे दुसरी स्वारी फत्ते जाहली. ताईसाहेबांनी पहिले काम काय केले, तर काकांचे खरे नाव आणि फोन नंबर मागोन घेतला. माध्यमावर रावांचा विश्वास बसला काय, ऐसे कोणी पुसेल तर बसला नाही. आत आला आहे, परंतु चपला पायांतच ठेवोन दाराशी उभा आहे. येथे लेखणी म्यान केली. जेवणाची वेळ जाहली.