हिरव्या गाडीखालचा कोरडा ट्रे

"माझ्या मेंदूला विश्रांती कशी ती माहीतच नाही," असं भावोजी रोज जेवण झाल्यावर सांगत आणि लगेच घोरायला लागत. ते खासगी गुप्तहेर; त्यांच्या कार्डावर 'गुन्हेगारांचा कर्दनकाळ' असं छापलेलं होतं. आजवर त्यांनी पकडलेला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे शेजाऱ्यांचा पेपर चुकून उचलणारा त्यांचा मेव्हणा, जो त्यांचा सहायकही होता. "घरचा माणूससुद्धा मी सोडला नाही," हे वर ते चारचौघांत सांगायचे. मेव्हणा ऐकून घ्यायचा. बहिणीचा नवरा पडला, करतो काय!

शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज पार रडवेला. "ताबडतोब या. माझ्या गाडीचं इंजिन कोणीतरी बदललंय!"

डॉक्टरांना कॉलेजपासून जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांचं वेड. सहा होऊन गेल्या; ही सातवी, हिरवी, दोन माणसांची, बिनछपराची. बत्तीस वर्षं जिवापाड जपलेली. लोक मुलांची उंची भिंतीवर लिहून ठेवतात, डॉक्टर गाडीखालच्या ट्रेमध्ये रात्रीत किती तेल ठिबकलं ते वहीत लिहायचे.

"रोज अर्धी वाटी," डॉक्टर गॅरेजमध्ये वही नाचवत म्हणाले. "आणि परवापासून थेंब नाही! जुनी इंग्लिश गाडी, आणि ठिबकत नाही? हे इंजिन तिचं नव्हेच. उद्या अस्सल गाड्यांची रॅली आहे हो! परीक्षकांसमोर नाक कापलं जाईल माझं."

भावोजींनी भिंगातून ट्रे पाहिला, मग हुंगला. "तुमचा शत्रू कोण?"

"क्लबचा सेक्रेटरी. त्याचीही हिरवीच आहे."

"संपलं! त्यानेच बदललं."

"पण कुलूप तर शाबूत आहे," मेव्हणा म्हणाला.

"म्हणजे कुलूपवाला सामील."

"बॉनेटवर धुळीचा थर आहे, भावोजी. उघडलंय कुठे कोणी?"

"म्हणूनच तर खालून काढलं! काय डोकं आहे बघा लेकाचं." भावोजींच्या चेहऱ्यावर चोराबद्दल कौतुक मावेना.

मेव्हण्याने भीत भीत विचारलं, "डॉक्टर, इंजिनात तेल शेवटचं कधी घातलंत?"

डॉक्टर चांगलेच दुखावले. "अहो, हे इंजिन तेल खात नाही! बत्तीस वर्षांत एकदाही घालावं लागलं नाही. क्लबमध्ये यावर भाषणं दिलीत मी."

रोज अर्धी वाटी गळायचं आणि तरी कमी व्हायचं नाही. भावोजींनी डायरीत लिहिलं, 'चमत्कार. तपासाशी संबंध नाही.' मग त्यांनी हुकूम सोडला, "इंजिन चालू करा. नुसत्या आवाजावरून खरं-खोटं सांगतो."

डॉक्टरांनी किल्ली लावली.

"खबरदार!" डॉक्टरांची बायको घरातून धावत आली. तिने त्यांच्या हातून किल्ली काढून घेतली, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. कोरडी ठाक. "तेलच नाही तर ठिबकेल काय, कपाळ? चालू केली असतीत तर इंजिन कायमचं बसलं असतं."

"पण हे इंजिन तेल खात नाही..."

"खातं! दर शनिवारी तुम्ही क्लबात भाषण ठोकायला गेलात की मी घालते. बत्तीस वर्षं. दोन महिन्यांमागे पाहुण्यांसमोर म्हणालात, 'हिला गाडीतलं काय कळतंय!' म्हटलं बरं, नाही कळत. दिलं सोडून."

"मग आज का थांबवलंस?"

"रुसले तुमच्यावर. त्या बिचारीने माझं काय केलंय?"

भावोजी खाकरले. "मला पहिल्यापासून वहिनींचाच संशय होता." त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी ती पट्टी हातात घेतली. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी हळूच विचारलं, "किती घालायचं असतं?"

"या इकडे, दाखवते," ती म्हणाली आणि फळीमागून डबा काढला.

दुसऱ्या दिवशी रॅलीत परीक्षक गाडीभोवती फिरले आणि थक्क होऊन म्हणाले, "डॉक्टर, इतकी वर्षं इंजिन एवढं ठणठणीत राहिलं कसं?"

डॉक्टरांनी सवयीने छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि मग बाजूला सरकले.

"हिला विचारा," ते म्हणाले.